जुना जीडाल, नवा क्यूजीआयएस आणि दोघांना सांभाळणारा डिस्ट्रोबॉक्स

डिस्ट्रोबॉक्सबद्दल, म्हणजे एकाच लॅपटॉपवर वेगवेगळी लिनक्स शेजारी शेजारी चालवून देणाऱ्या साधनाबद्दल, लिहायचं तर आधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हे साधन कुणाच्या उपयोगाचं आणि कुणाच्या नाही हे कामावरच ठरतं. पुण्यात पाणलोट क्षेत्रांचे नकाशे करणाऱ्या एका छोट्या गटात मी प्रोग्रामर आहे. जमिनीच्या उंचीचा डेटा घ्यायचा, त्यावरून ओढे-नाले कुठून कुठे वाहतात ते काढायचं, विहिरींच्या नोंदी त्यावर बसवायच्या, गावासाठी मराठीत अहवाल छापायचा आणि तोच नकाशा वेबवर चढवायचा. यासाठी लागतात जीडाल (नकाशाच्या फाईल वाचणारं-बदलणारं), प्रोज (निर्देशकांची रूपांतरं करणारं), ग्रास (भूभागाचं विश्लेषण करणारं), क्यूजीआयएस (नकाशे बघायचं-करायचं), पोस्टजीआयएस (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशाचा डेटा सांभाळायला शिकवणारं), नोड (वेबच्या कामाचं) आणि टेक (छपाईसाठी मजकूर मांडणारं). सगळी मुक्त सॉफ्टवेअर, एकेक अतिशय मेहनतीने सांभाळलेलं. पण एकाच लिनक्सवर सगळी एकदम बसवली की कधी ना कधी कुरबुर सुरू होतेच.

आमच्याकडच्या कुरबुरीचं मूळ २०१९ सालात आहे. त्या वर्षी प्रोज ६ आणि पाठोपाठ मे महिन्यात जीडाल ३ आलं. जीडाल २ पर्यंत ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशाच्या रोजच्या पद्धतीत बिंदू द्यायचा म्हणजे आधी रेखांश, मग अक्षांश असा रिवाज होता. जीडाल ३ ने मूळ व्याख्येतला क्रम पाळायला घेतला: आधी अक्षांश. निर्णय बरोबरच होता. पण जुन्या स्क्रिप्टा पुण्यासाठी ७३.८५, १८.५२ अशी जोडी देतात, आणि नव्या जीडालने ती ७३.८५ उत्तर, १८.५२ पूर्व अशी वाचली की पुणं थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडतं. जुना क्रम मागून घेण्याची सोय नव्या जीडालमध्ये आहे, एका ओळीचं काम आहे. तेवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. त्या काळातल्या आमच्या स्क्रिप्टा पायथन २.७ वर आहेत, आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. म्हणजे भाषा जुनी, लायब्ररी जुनी, तिच्या पोटातली प्रोज जुनी. एक धागा ओढला की सगळंच उसवतं.

मग त्या स्क्रिप्टा नव्याने का लिहीत नाही? नव्या कामासाठी लिहिल्या आहेतच. पण त्या वेळी गावाला दिलेल्या अहवालात एक आकडा छापलेला आहे: पाणलोटाचं क्षेत्रफळ अमुक हेक्टर. आज ग्रामपंचायतीतून कुणी विचारलं, की हा आकडा कुठून आला, तर मला तोच डेटा, तीच स्क्रिप्ट आणि तेच अवजार चालवून तोच आकडा काढून दाखवता आला पाहिजे. नव्या अवजाराने काढलेला ‘साधारण तेवढाच’ आकडा उत्तर म्हणून चालत नाही. त्या आकड्यावर कुणाच्या तरी शेततळ्याची जागा ठरलेली असते. एकेका अवजारसंचाची वेगळी कंटेनर इमेज (त्या संचाची साठवलेली पूर्ण प्रत, जिच्यावरून चालता कंटेनर उभा राहतो) करून ठेवण्याकडे मी वळले ती या गरजेपोटी. इतर फायदे नंतर कळत गेले.

डिस्ट्रोबॉक्स हे स्वतः काही कंटेनर इंजिन नाही. पॉडमन किंवा डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामांवर बसणारा हा शेल स्क्रिप्टांचा संच आहे. लुका दि माइओ या प्रोग्रामरने तो सुरू केला, परवाना जीपीएल ३ आहे, आणि फेडोरा, डेबियन, उबुंटूच्या भांडारांतून सरळ बसवता येतो. मी तो पॉडमनवर चालवते, रूटचे, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार न देता. ‘डिस्ट्रोबॉक्स क्रिएट’ म्हणायचं, कुठल्या इमेजपासून ते सांगायचं, नाव द्यायचं, मग ‘डिस्ट्रोबॉक्स एंटर’. टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये कंटेनरचं नाव दिसायला लागतं आणि आपण उबुंटू १८.०४ मध्ये असतो. खाली लॅपटॉपवर ताजा फेडोरा आणि ताजा कर्नल (लिनक्सचा गाभा), वर २०१८ सालचं सगळं साहित्य. लिनक्सचा कर्नल जुन्या प्रोग्रामांशी केलेला करार फार निष्ठेने पाळतो म्हणून हे जमतं. अपवाद आहेत. सेंटओएस ६ इतकं जुनं काही चालवायचं असेल तर कर्नलला बूट करताना एक जादा सूचना द्यावी लागते. पण १८.०४ विनातक्रार चालतो.

साधा पॉडमन किंवा डॉकर हातात असताना वर हा थर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. फरक असा की डिस्ट्रोबॉक्स कंटेनरला लॅपटॉपशी घट्ट जोडून देतो. माझा होम फोल्डर आत जसाच्या तसा दिसतो, माझं युजरनेम तेच राहतं, खिडक्या उघडणारे प्रोग्राम पडद्यावर नेहमीसारखे उघडतात, यूएसबीला लावलेला जीपीएस आत दिसतो, आणि लॅपटॉपची बाकी फाईल व्यवस्था ‘रन-होस्ट’ या फोल्डरात मिळते. माझ्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे आत तयार केलेली फाईल बाहेर माझ्याच मालकीची असते. रूट म्हणून चालणाऱ्या साध्या डॉकरला फोल्डर जोडून दिला की आतून लिहिलेल्या फाईल बाहेर रूटच्या नावाने उमटतात आणि मग मालकी बदलत बसावं लागतं. नकाशाच्या कामात एका फेरीत शेकडो टाइल (नकाशाचे चौकोनी तुकडे) आणि रास्टर (चौकटी-चौकटींत साठवलेला डेटा) तयार होतात. तिथे ही सोय न मागता मिळते हे मी फार मोठं मानते.

दुसरी आवडलेली सोय म्हणजे ‘एक्स्पोर्ट’. कंटेनरमधलं क्यूजीआयएस लॅपटॉपच्या मेनूत आणून ठेवता येतं. चिन्हाखाली नावापुढे कुठल्या कंटेनरमधलं तेही लिहिलेलं असतं. त्यावर टिचकी मारणाऱ्याला आत कंटेनर आहे हे माहीत असण्याची गरज नाही. टर्मिनलमधले प्रोग्रामही असेच बाहेर आणता येतात. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. जुना आणि नवा जीडाल दोघांतही प्रोग्रामांची नावं तीच आहेत, त्यामुळे दोन्हीकडचे प्रोग्राम एकाच फोल्डरात आणले तर एकमेकांवर पडतील. जुन्याचे मी वेगळ्या फोल्डरात आणते, आणि तो फोल्डर पाथमध्ये, म्हणजे टर्मिनल प्रोग्राम शोधतो त्या यादीत, घालत नाही. जुनं चालवायचं असेल तेव्हा पूर्ण पत्ता टाइप करायचा. थोडं कष्टाचं आहे, पण कुठला जीडाल चालतोय याबद्दल मनात शंका उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. काय वेगळं करायचं आणि काय एकत्र ठेवायचं?

सुरुवातीला हात शिवशिवतात की प्रत्येक प्रोग्रामला एक इमेज द्यावी. तसं करू नये. माझा नियम असा: जे एकमेकांना लायब्ररी म्हणून पोटात घेतात ते एका इमेजमध्ये, जे एकमेकांशी फायलीतून किंवा पोर्टमधून बोलतात ते वेगळे. क्यूजीआयएस हे जीडाल आणि प्रोज यांना पोटात घेऊनच उभं असतं. ग्रासदेखील याच दोघांवर उभं आहे, आणि क्यूजीआयएसच्या टूलबॉक्समधून आपण ग्रासची पाणलोट काढणारी आज्ञा चालवतो. ग्रासला दुसऱ्या इमेजमध्ये टाकून मधे स्क्रिप्टचा पूल बांधता येईल. पण मग एकाच नकाशाच्या दोन पायऱ्या दोन वेगळ्या प्रोजमधून जातील. प्रोज ६ पासून सगळ्या निर्देशक पद्धतींच्या व्याख्या एका छोट्या डेटाबेस फाईलमध्ये असतात, आणि दोन पद्धतींमधला रस्ता कुठून घ्यायचा ते प्रोज त्यात बघून ठरवते. आवृत्ती बदलली, किंवा एका इमेजमध्ये जादा ग्रिड फाईल (रूपांतराच्या दुरुस्त्यांचा तक्ता) असली, तर रस्ता बदलू शकतो.

महाराष्ट्रात काम करणाऱ्याला हे टाळता येण्यासारखं नाही. आपलं राज्य यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशक पद्धतीच्या दोन पट्ट्यांत विभागलेलं आहे. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४३ वा पट्टा, पूर्वेला ४४ वा. पुणं ४३ मध्ये, नागपूर आणि चंद्रपूर ४४ मध्ये. अमरावती शहर ४३ मध्ये आणि शेजारच्या जिल्ह्याचं यवतमाळ शहर ४४ मध्ये! विदर्भातला एखादा पाणलोट हातात घेतला की या पट्ट्यातून त्या पट्ट्यात ये-जा आलीच. त्यात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट लंबगोल या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मोजमापावरच्या आणि आजचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मोजमापावर. इतकी रूपांतरं होत असताना ती सगळी एकाच प्रोजने केलेली असावीत, हा माझा आग्रह आहे. म्हणून क्यूजीआयएस, ग्रास, नवा जीडाल आणि त्यांचं पायथन एका इमेजमध्ये. मोठी आहे, असू दे.

पोस्टजीआयएस वेगळं. ते ५४३२ पोर्टवरून बोलतं, आणि त्याचं आयुष्यच निराळं आहे. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती बदलली की जुना डेटा फोल्डर नवी आवृत्ती उघडत नाही. रीतसर अपग्रेड करावं लागतं किंवा डंप (सगळ्या डेटाची प्रत) घेऊन परत भरावा लागतो. अशा गोष्टीला क्यूजीआयएसच्या अपग्रेडबरोबर फरफटत नेणं बरं नाही. इथे मी डिस्ट्रोबॉक्स वापरतच नाही. साधा पॉडमन, तयार पोस्टजीआयएस इमेज, आणि डेटासाठी वेगळा व्हॉल्यूम (कंटेनर मोडला तरी टिकणारी साठवण). डेटाबेसला माझा होम फोल्डर दिसायचं काही कारण नाही.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पोस्टजीआयएसच्या पोटातही स्वतःची प्रोज असते. तिची आवृत्ती विचारायला एक फंक्शन आहे, नवी इमेज आणली की मी ते पहिलं चालवते. आणि आमच्या गटाचा दंडक असा की पट्टा बदलण्याचं काम डेटाबेसमध्ये करायचं नाही, नकाशाच्या इमेजमध्येच करायचं. वेगळ्या इमेज केल्या की असे दंडक लिहून ठेवावे लागतात. सगळं एका ठिकाणी असताना ते आपोआप पाळले जात होते.

तिसरी इमेज अहवालाची. आम्ही अहवाल टेकच्या झीलॅटेक या रूपावर करतो, कारण मराठी मजकूर, तक्ते आणि नकाशे यांची सांगड त्यात मनासारखी बसते. फॉन्टला भाषा मराठी आहे हे सांगितलं, आणि फॉन्टमध्ये सोय असली, की ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, हिंदी पुस्तकांसारखे दिसत नाहीत. गावातल्या वाचकाला हे लगेच जाणवतं, तो बोलून दाखवो वा न दाखवो. टेक लाइव्ह, म्हणजे टेकचा तयार संच, पूर्ण बसवलं तर कित्येक जीबी खातं आणि वर्षातून एकदा नवं येतं. नकाशाच्या इमेजमध्ये ते घातलं असतं तर जीडालची एक दुरुस्ती आणायला एवढं ओझं पुन्हा उचलावं लागलं असतं. टेकला नकाशाकडून फक्त पीडीएफ आणि पीएनजी हवं असतं, म्हणजे ते फायलीतून बोलतं, म्हणजे ते वेगळं. फॉन्ट मी इमेजमध्ये घालत नाही. होम फोल्डरमध्ये ठेवलेले फॉन्ट प्रत्येक डिस्ट्रोबॉक्सला दिसतात, त्यामुळे नकाशावरची गावांची नावं आणि अहवालातला मजकूर एकाच फॉन्टमध्ये येतात.

आणि चौथी जुन्या जीडालची इमेज. ती आता गोठलेली आहे. उबुंटू १८.०४ चा नेहमीचा आधार २०२३ मध्ये संपला, तेव्हा त्यात ब्राउझर उघडायचा नाही, नवं काही बसवायचं नाही, जुने अहवाल पडताळण्यापुरतंच आत जायचं.

घरात धान्याच्या कोठीत औषधं ठेवत नाहीत तशी ही विभागणी. पण डिस्ट्रोबॉक्समध्ये या खोल्यांना सामाईक अंगण आहे, ते म्हणजे होम फोल्डर, आणि खरे घोळ तिथे होतात. हे कौतुकाच्या भरात कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

पायथनचं आभासी पर्यावरण, म्हणजे व्हेन्व्ह, होम फोल्डरमध्ये असतं. पण त्यातला पायथन म्हणजे नुसता दुवा, आणि तो दुवा यूएसआर-बिनमधल्या पायथनकडे बोट दाखवतो. एका कंटेनरमध्ये केलेलं व्हेन्व्ह दुसऱ्यात उघडलं की त्या दुव्याच्या टोकाला भलताच पायथन असतो, किंवा काहीच नसतं. नोडच्या पॅकेजांत सी भाषेत कंपाइल केलेला भाग असेल तर तोही ज्या इमेजमध्ये बनला तिथल्याच सी लायब्ररीला धरून असतो. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजमध्ये बनवला तर तो मसलवर, उबुंटूत बनवला तर जीलिबसीवर, आणि एकाचं दुसऱ्यात चालत नाही. क्यूजीआयएसच्या प्रोफाइलचंही तसंच आहे. प्लगइन, टूलबार, डेटाबेसच्या जोडण्या सगळं होम फोल्डरमध्ये. दोन कंटेनरमधली क्यूजीआयएसची दोन रूपं एकाच प्रोफाइलवर लिहायला लागली तर नव्याने लिहिलेलं जुन्याला झेपत नाही.

यावरचा उपाय डिस्ट्रोबॉक्समध्येच आहे: क्रिएट करताना ‘होम’ पर्याय देऊन त्या कंटेनरला स्वतंत्र होम फोल्डर द्यायचा. मी तर म्हणेन, हे पहिल्या दिवसापासून करा. स्वतंत्र होम दिला तरी तुमचा मूळ होम आत जोडलेला राहतोच, त्यामुळे डेटा हाताशी असतो. फक्त सेटिंग आणि पॅकेजं वेगळी पडतात. निर्मात्यांनी स्वतंत्र होम हीच नेहमीची पद्धत करायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. नवशिक्याला एकच होम सोपं वाटतं हे खरं, पण गोंधळ नंतर उद्भवतो आणि तेव्हा त्याचा माग काढणं कठीण जातं. पाचपैकी एक तारा मी याच कारणासाठी राखून ठेवला आहे.

यातूनच सुरक्षेचा मुद्दा निघतो. कंटेनर म्हटलं की लोकांना वाटतं, आत काय वाट्टेल ते चालवा, बाहेर धक्का लागणार नाही. डिस्ट्रोबॉक्सबद्दल हे साफ चूक आहे, आणि त्याच्या कागदपत्रांत ते स्पष्ट लिहिलेलंही आहे. आतल्या प्रोग्रामला तुमच्या एसएसएचच्या (दूरच्या संगणकात शिरण्याच्या) किल्ल्या दिसतात, ब्राउझरचा डेटा दिसतो, होममधलं सगळं पुसताही येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमच्या, म्हणजे नोडच्या भांडारातल्या, पॅकेजांमधून ‘शाय-हुलुद’ नावाचा किडा पसरला. तो बसवणाऱ्याच्या संगणकावर टोकन आणि गुप्त किल्ल्या हुडकत होता आणि मिळालेल्या अधिकारांनी पुढच्या पॅकेजांत शिरत होता. अशा किड्याला डिस्ट्रोबॉक्स थांबवू शकत नाही, कारण होम फोल्डर आत मोकळाच असतो. म्हणून वेब नकाशाचं काम, जिथे शेकडो अनोळखी पॅकेजं येतात, ते मी साध्या पॉडमनमध्येच करते. आत फक्त त्या प्रकल्पाचा फोल्डर जोडलेला, बाकी काही नाही. तयार नकाशा प्रकाशित करण्याची किल्ली त्या कंटेनरला कधीच दिसत नाही, ते पाऊल बाहेरून उचललं जातं. थोडक्यात काय, ज्या अवजारांवर माझा विश्वास आहे त्यांना डिस्ट्रोबॉक्स, ज्यांची खात्री नाही त्यांना कडी-कुलूप.

कंटेनर आणि इमेज यातला फरक ढिला ठेवला तर वेगळं करण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. डिस्ट्रोबॉक्समध्ये शिरून ॲप्टने (उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन) काही बसवलं तर ते त्या कंटेनरमध्ये बसतं, इमेजमध्ये नाही. कंटेनर मोडला की ते गेलं, आणि काय काय बसवलं होतं याची नोंद कुठेच नसते. म्हणून मी प्रत्येक संचासाठी कंटेनरफाईल लिहिते: पायाची इमेज कोणती, त्यावर कुठली पॅकेजं, कुठल्या आवृत्त्या. पायाची इमेज नुसत्या टॅगने धरत नाही. टॅग उद्या दुसऱ्याच इमेजकडे बोट दाखवू शकतो, तेव्हा शा-२५६ चा पूर्ण डायजेस्ट, म्हणजे त्या इमेजचा बोटाचा ठसाच, लिहिते. मग ती इमेज बांधायची आणि डिस्ट्रोबॉक्सला ती द्यायची. डिस्ट्रोबॉक्सला पहिल्या प्रवेशाच्या वेळी स्वतःसाठी काही पॅकेजं लागतात, ती नसतील तर तो नेटवरून उतरवून घेतो. तीही मी इमेज बांधतानाच घालून ठेवते, म्हणजे नेट नसलेल्या ठिकाणीही पहिला प्रवेश अडत नाही. कुठल्या नावाचा कंटेनर कुठल्या इमेजपासून, कुठल्या होमसह, कुठले प्रोग्राम बाहेर आणायचे, हे सगळं ‘असेंबल’ या आज्ञेसाठीच्या एका छोट्या फाईलमध्ये लिहिता येतं. लॅपटॉप बदलला तर ती फाईल आणि इमेज एवढ्यावर सगळी मांडणी परत उभी राहते. डिस्ट्रोबॉक्सचं हे अंग मला सर्वांत जास्त आवडतं आणि सर्वांत कमी लोक ते वापरताना दिसतात.

सगळं एकाच इमेजमध्ये कोंबण्यापेक्षा या पद्धतीत जागा जास्त लागेल असं वाटतं, पण इमेज थरांच्या बनलेल्या असतात. दोन इमेजचा पाया एकच असेल तर तो थर डिस्कवर एकदाच राहतो. माझी नकाशाची आणि अहवालाची इमेज एकाच उबुंटूवर उभ्या आहेत. उबुंटूचा पाया तसाही ६०-८० एमबीचाच असतो, खरं वजन वरच्या पॅकेजांचं. जीडाल प्रकल्प स्वतःच त्याच्या तयार इमेज अल्पाइन आणि उबुंटू, छोटी आणि पूर्ण अशा वेगवेगळ्या रूपांत देतो. पूर्ण इमेज एक जीबीच्या वर जाते, छोट्यांमध्ये काही फाईल प्रकार वाचणारे ड्रायव्हर नसतात. फक्त रूपांतराच्या स्क्रिप्टा सर्व्हरवर चालवायच्या असतील तर छोटी पुरते. लॅपटॉपवर रोज हाताळायला मी तिच्या वाटेला जात नाही. ऐन वेळी एखादी फाईल उघडली नाही की अख्खी दुपार जाते.

चंद्रपूरला आमचा एक सहकारी क्षेत्रावर काम करतो. त्याच्याकडचं नेट एवढ्या मोठ्या इमेज उतरवण्याइतकं भरवशाचं नाही. त्याला मी इमेज ‘पॉडमन सेव्ह’ने एका फाईलमध्ये घेऊन, दाबून, पेन ड्राइव्हवर पाठवते. तिकडे तो ‘पॉडमन लोड’ करतो. मध्यंतरी त्याचा फोन आला, “ताई, माझ्याकडे या पाणलोटाचं क्षेत्रफळ वेगळं येतंय. तुमच्याकडे किती आहे?” पूर्वी असा फोन आला की दोघांच्या लॅपटॉपवर कुठली आवृत्ती, कुठलं प्लगइन, कुठली ग्रिड फाईल, अशी प्रश्नोत्तरं चालायची. या वेळी मी म्हटलं, “आधी इमेजचा आयडी वाच.” त्याने पहिली काही अक्षरं वाचली, माझ्याशी जुळली. म्हणजे जीडाल, ग्रास, प्रोज सगळं दोघांकडे हुबेहूब तेच. मग फरक डेटातच असणार. उंचीच्या रास्टरचे चेकसम (फाईलमधल्या मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे) ताडले तर ते वेगळे निघाले, त्याच्याकडे त्या भागाची आधीची प्रत होती. फोन ठेवायच्या आत उलगडा झाला. अवजाराकडे बोट दाखवायची वेळच आली नाही, आणि मला ही पद्धत इतकी मनापासून आवडते ती यासाठी.

तुलना करायची तर ती डेव्ह कंटेनर्सशी. व्हीएस कोड वापरणाऱ्यांना ते माहीत असतील. प्रकल्पाच्या फोल्डरात एक जेसन फाईल ठेवायची, एडिटर त्यावरून कंटेनर उभा करतो आणि स्वतःचा अर्धा भाग आत नेतो. गटात कुणी विंडोजवर, कुणी मॅकवर असेल तर डेव्ह कंटेनर्स घ्या, डिस्ट्रोबॉक्स लिनक्ससाठीच आहे. पण डेव्ह कंटेनर प्रकल्पाला बांधलेला असतो. माझं काम प्रकल्पांच्या आडवं जातं: तीच नकाशाची इमेज पंचवीस गावांच्या फोल्डरांवर चालते. तिथे डिस्ट्रोबॉक्सची धाटणी जास्त सोयीची. फेडोरावाल्यांना टूलबॉक्स हा डिस्ट्रोबॉक्सचा थोरला भाऊ माहीत असेल. तो साधा आणि भक्कम आहे, पण स्वतंत्र होम आणि एक्स्पोर्ट या दोन गोष्टींसाठी मी डिस्ट्रोबॉक्सकडे आले.

एडिटर कुठे ठेवायचा, हा छोटा पण छळणारा प्रश्न आहे. एडिटर बाहेर आणि पायथनच्या लायब्ररी आत असतील तर एडिटरला त्या दिसत नाहीत आणि प्रत्येक इम्पोर्टखाली लाल रेघ येते. मी नकाशाच्या कंटेनरमध्येच एडिटर बसवून तो मेनूत एक्स्पोर्ट केला आहे. टेकसाठी बाहेरचाच साधा एडिटर पुरतो. गिट मात्र बाहेर. कमिट करायला कंटेनरमध्ये शिरायचं नाही.

एकच प्रकल्प, एकच पायथन, सगळी पॅकेजं पायथनच्या पिपने मिळणारी, असं तुमचं काम असेल तर यातलं काही करू नका. व्हेन्व्ह पुरेसं आहे आणि ते कुणालाही समजावून सांगता येतं. विद्यार्थ्यांना जीआयएस शिकवताना मी कंटेनरचं नावही काढत नाही. ज्यांना जुनं काम जिवंत ठेवायचं आहे, ज्यांच्याकडे सी आणि सी++ च्या जड लायब्ररी आहेत, किंवा एकाच माणसाला तीन-चार वेगळ्या जगांत वावरावं लागतं, त्यांनी अवश्य घ्यावं. मेमरीची काळजी नको, कंटेनर रिकामा असेल तर तो जवळपास काहीच खात नाही. डिस्कची मात्र हवी. २५६ जीबीच्या लॅपटॉपवर रास्टर डेटा आणि पूर्ण टेक एकत्र नांदवणं जिकिरीचं आहे. ‘पॉडमन सिस्टम डीएफ’ अधूनमधून चालवून बघा, इमेज पुन्हा पुन्हा बांधल्या की बिननावाचे जुने थर साठत जातात. ते काढायला ‘प्रून’ आहे, पण त्याला ‘ए’ जोडलंत तर सध्या कुठल्याच कंटेनरच्या वापरात नसलेली प्रत्येक इमेज जाते, तिला नाव असलं तरीही. तेव्हा जुन्या अहवालांची इमेज आधी सेव्ह करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा, एकदा लोड करून ती चालते याची खात्री करा, आणि मगच साफसफाईला हात घाला.